वाचकांचे प्रश्न : पुन्हा आलेला येशू

प्रश्न : येशू पृथ्वीवर परत आला अशी कल्पना करणाऱ्या कथेत त्याला गप्प का ठेवतात?

उत्तर : या कल्पनेचे सर्वांत समर्थ रूप मला रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या, १८७९-८० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ब्रदर्स करमाझव्ह' या कादंबरीत दिसते. तेथे इव्हान हे पात्र आपल्या धाकट्या भावाला स्वतः रचलेली कथा सांगते की, सोळाव्या शतकातील स्पेनमधल्या सेव्हिल नगरीत येशू येतो, मृत मुलीला उठवतो आणि त्याच्याच नावाने पाखंड्यांना जाळणारा वृद्ध धर्मन्यायाधीश त्याला कैद करून बजावतो की, माणसांना स्वातंत्र्य पेलत नाही, त्यांना भाकर, चमत्कार आणि सत्ताच हवी असते. उत्तरादाखल येशू केवळ त्याचे चुंबन घेतो. हे मौन लेखकाची पळवाट आहे, असे मला मुळीच वाटत नाही. युक्तिवादाने म्हाताऱ्याला नमवणे हीदेखील सक्तीच ठरली असती, आणि माणसाला स्वातंत्र्य देणाऱ्याला ती शोभली नसती.