आई विचारते, ‘माझं काय चुकलं?’

‘ताई, माझ्या आईचा कॅन्सर पसरलाय. यातून ती बरी होणार नाही, हे आम्हाला कळलंय आणि तिलाही. जन्मभर तिने देवाचं मनापासून केलं. आता रात्र रात्र जागी असते आणि विचारते, “माझ्या हातून असं काय पाप घडलं?” नातेवाईक म्हणतात, प्रार्थना कमी पडतेय, श्रद्धा वाढवा. मी देव मानत नाही. तिच्याशी वाद घालवत नाही आणि खोटंही बोलवत नाही. परवा म्हणाली, “माझ्याबरोबर प्रार्थनेला बस.” मी काहीतरी कारण काढून उठले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. काय करू?’

देव आहे की नाही, हे आईला तुझ्याकडून ऐकायचं नाहीये. ‘मी वाईट होते का?’ हे तिला विचारायचंय. आणि याचं उत्तर द्यायला तुला आस्तिक व्हावं लागत नाही. तू तिची लेक आहेस, तिला इतक्या जवळून पाहिलंयस.

फक्त ते उत्तर घाईने देऊ नकोस. ‘असं काही नसतं गं, नको तो विचार करू’ हे आपण प्रेमानेच म्हणतो, पण आजारी माणसाला ते तोंडावर दार लावल्यासारखं लागतं. आधी विचार, ‘आई, तुला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?’ आणि गप्प बस. ती रडली तरी लगेच विषय बदलू नकोस. पुष्कळदा ‘पाप’ या शब्दाआड एखादी अगदी नेमकी गोष्ट असते: कुणाशी तुटलेलं बोलणं, कुणावर झालेला अन्याय, कधीच न मागितलेली माफी. तसं काही निघालं तर हातात अजून वेळ आहे. एक फोन होऊ शकतो, तिने सांगितलेली चार ओळींची चिठ्ठी तू लिहू शकतेस. काहीच निघालं नाही तर तिला सांग, ‘आई, मी तुला ओळखते. शिक्षा व्हावी असं तू काही केलेलं नाहीस.’ यातला एकही शब्द खोटा नाही.

तिची ही तळमळ म्हणजे आजारपणातलं वेडंवाकडं मन, असं समजून सोडून देऊ नकोस. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, हे त्यांनी वैद्यकाला पटवून दिलं. मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं दुखणंही त्यातच मिसळलेलं असतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी आजारी, वयस्कर अशा ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. अशा वाटण्यामुळेच मृत्यू होतो, असं यातून सिद्ध होत नाही. तुला घाबरवायलाही मी हे सांगत नाही. पण ज्या श्रद्धेने तिला आयुष्यभर सोबत केली, तीच आता तिच्यावर आरोप करत असेल, तर त्या जखमेकडे लक्ष द्यायलाच हवं.

आणि ते नातेवाईक! मला त्यांचा मनापासून राग आला. २००६ मध्ये हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही. याचा अर्थ प्रार्थना व्यर्थ, असा मी काढत नाही. माणसाला ती धीर देते, एकटेपण हलकं करते, आणि हे थोडं नाही. पण कॅन्सर कुणाच्या श्रद्धेचं माप काढत नसतो. ‘प्रार्थना कमी पडली’ हे वाक्य आईच्या खोलीत पुन्हा उच्चारायचं नाही, असं त्यांना स्पष्ट सांग. वाईटपणा येईल, तो घे.

आता तुझं. तिच्याबरोबर बस. ‘मला प्रार्थना जमत नाही आई, पण तुझ्याजवळ बसायचंय,’ असं म्हणून बस. जे शब्द तुझे नाहीत ते म्हणू नकोस; तिचा हात धरलास तरी पुरे. ती थकली असेल तर तिची आवडती प्रार्थना तिला वाचून दाखव. ते तिचे शब्द आहेत, तू फक्त आवाज देतेयस. ‘तू मानतेस का?’ असं तिने थेट विचारलंच, तर खरं सांग आणि तिथेच थांब, पुढे कारणं देऊ नकोस. तिला तुझं मत बहुधा आधीच ठाऊक असेल. तू उठून जाशील, याची भीती तिला जास्त असेल. आणि ती देवावर चिडली तर चिडू दे. त्याची बाजू घेऊ नकोस, आणि ‘बघ, मी म्हणत होते ना’ असंही नको. तिच्याच श्रद्धेतलं एखादं समंजस, न रागावणारं माणूस भेटायला यावं असं वाटतं का, हे तिला विचार. बोलवायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

यातलं काही करण्याआधी एक बघ: रात्री तिला दुखतं का? न आवरलेली वेदना माणसाला झोपू देत नाही, आणि जागेपणी असे विचार अधिकच डोकं वर काढतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना रात्रीचं सगळं सांग, तिचे पापाचे विचारही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या, टीमला भेटायचंय, असं मागून घे. यात उपचार सोडून द्यावे लागत नाहीत. दोन्ही बरोबरीने चालतात. मॉर्फिन सुचवलं तर ‘आता शेवट आला’ असं समजू नकोस, तीव्र वेदनेवरचं ते नेहमीचं औषध आहे. ती कुणाशीच बोलेनाशी झाली, कशातच मन लागेना, मी कशाच्याच लायकीची नाही असं सतत म्हणू लागली, तर ते नैराश्य असू शकतं. गंभीर आजारातही त्यावर उपचार होतात. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस, लगेच फोन कर.