आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कला शाखेला मानसशास्त्र सुरू करून घेता येईल का?

मुलगी दहावीत आहे, तिच्यासारख्या आणखी काही जणींना मानसशास्त्र हवंय आणि कॉलेज ‘मुलं मिळत नाहीत’ म्हणतंय, असं तुम्ही लिहिलंय. विषय सुरू करून घेता येतो. मात्र मुलांची संख्या हे बरेचदा वरवरचं कारण असतं, खरी अडचण कार्यभाराची, म्हणजे शिक्षकांना मिळणाऱ्या तासिकांची असते. नवा विषय आला की जुन्या एखाद्या विषयाची मुलं कमी होतात. त्या विषयाच्या तासिका घटल्या तर अनुदानित पदावरचे शिक्षक अतिरिक्त ठरू शकतात. कॉलेजची ही भीती रास्त आहे, तिला उत्तर द्यावंच लागेल.

म्हणून निवेदनात नुसत्या सह्या नकोत, तक्ता जोडा. त्यात विद्यार्थ्याचं नाव, सध्याची शाळा, पालकांची सही, फोन आणि ‘मानसशास्त्रासाठी कोणता विषय सोडणार’ हा रकाना हवा. हा शेवटचा रकाना सहसा कुणी भरून घेत नाही, पण प्राचार्य आधी तोच पाहतील. सगळ्यांनी एकच विषय सोडला असेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. मैत्रिणीच्या आग्रहाने केलेल्या सह्या प्रवेशाच्या वेळी गळतात. चाळीस कच्च्या नावांपेक्षा पंधरा-वीस पक्की नावं बरी.

शिक्षकाचं नावही तुम्हीच सुचवा. मानसशास्त्रात एम.ए. आणि बी.एड. असलेली व्यक्ती हवी. त्याच संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयात हा विभाग असेल तर तिथे आधी चौकशी करा. नाहीतर तासिका तत्त्वावर नेमणूक करता येते. तिचं मानधन संस्था देणार की विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेणार, हे सुरुवातीलाच विचारा. प्रयोगशाळेचा मोठा खर्च नाही आणि बालभारतीचं पाठ्यपुस्तक उपलब्ध आहे, हे दोन्ही मुद्दे निवेदनात जरूर घाला.

निवेदन प्राचार्यांच्या नावे द्या, प्रत संस्थेच्या सचिवांना. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मान्यतेचा प्रस्ताव कॉलेजनेच पाठवायचा असतो, पालकांनी थेट मंडळाकडे जाऊन काही होत नाही. कोणते कागद विभागीय मंडळाकडे आणि कोणते शिक्षण उपसंचालकांकडे जातात, ते कॉलेजच्या मुख्य लिपिकाला विचारा.

वेळ चुकवू नका. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात आणि कॉलेजं आपली माहिती त्याआधीच भरतात. दहावीच्या निकालानंतर मागणी केलीत तर वर्ष गेलंच समजा. डिसेंबर-जानेवारीत निवेदन द्या.

वेळापत्रकही आत्ताच बघून घ्या. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच गटात ठेवले, म्हणजे दोन्हींपैकी एकच घेता येत असेल, तर दोन्ही हवे असलेली मुलं गळतील.

प्रवेश घेण्याआधी मान्यतेचं पत्र डोळ्यांनी पाहा. ‘येईल, पाठवलंय’ यावर विसंबू नका. मान्यता आली नाही तर बारावीच्या परीक्षा अर्जात तो विषय भरता येत नाही आणि वर्षभर शिकून ऐनवेळी दुसरा विषय घ्यावा लागतो. विषय बारावीलाही चालू राहील, हेही लेखी घ्या. तासिका तत्त्वावरचे शिक्षक मध्येच सोडून गेले तर कॉलेजला बदली शिक्षक आणायला भाग पाडताना तोच कागद उपयोगी पडेल.