माणगा बांबूचं बेट पहिल्यांदा तोडताना

तोड दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत आटपा. पावसाळ्यात कोयता लावूच नका. तेव्हा कोंब वर येत असतात, पायाखाली मोडतात. काठी तीन वर्षं पूर्ण झालेलीच घ्या. कोवळीवर पांढरी भुकटी असते, गाठींना आवरणं चिकटलेली दिसतात. जून काठी मळकट, डागाळलेली.

कडेची काठी हाताशी येते म्हणून सगळे तीच तोडतात (मजूर ठेक्यावर घेतले असतील तर हमखास!), पण नवे कोंब बाहेरच्या बाजूलाच फुटतात. आधार गेला की ते वाऱ्याने लवतात, आत जुन्यांची गिचमिड होते. एका बाजूने वाट काढून आत शिरा. काप जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वर. पेराच्या मध्ये कापलं तर खुंटात पाणी साचतं आणि कूज कंदापर्यंत उतरते.