समुद्राच्या तळाशी बसलेला विषारी गाळ काढून टाकता येतो का?

कारखान्यांनी समुद्रात सोडलेलं विष पुढे काढता येतं का, की समुद्रच ते पोटात घेतो, असं तुम्ही विचारलंय. काढता येतं, पण ते नाहीसं होत नाही. त्याची फक्त जागा बदलते आणि नव्या जागेवर कायमचा पहारा ठेवावा लागतो. मी दूषित गाळाच्याच कामात आहे, म्हणून जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण देतो.

तिथल्या चिस्सो कंपनीत १९३२ ते १९६८ या काळात ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनत असे. त्यासाठी लागणारा पारा सांडपाण्यातून उपसागरात जायचा, त्यातला काही मिथिल पाऱ्याच्या रूपात. हे रूप फार वाईट, कारण ते शिंपल्यांत, माशांत आणि मासे खाणाऱ्यांत साठत जातं. आधी कोळ्यांच्या वस्तीतली मांजरं झटके येऊन मेली, मग माणसं आजारी पडली. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली. तरीही १९५८ मध्ये कंपनीने सांडपाणी नदीच्या मुखाकडे वळवलं आणि विष उपसागराबाहेरच्या शिरानुई समुद्रात पसरून नव्या गावांत रुग्ण सापडू लागले. हे वाचताना आजही संताप होतो. दोन वर्षांपूर्वीच धोक्याची घंटा वाजली होती!

साफसफाई १९७७ ते १९९० चालली. २५ पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत २५ भागांपेक्षा) जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ होता. सगळा उपसला नाही. सर्वांत दूषित भाग जागेवरच ठेवून त्याला स्टीलची भिंत घातली, बाहेरचा गाळ पंपाने ओढून आत टाकला आणि वर स्वच्छ मातीचा थर दिला. पाणी गढूळ झालं तर पारा पुन्हा पसरणार, म्हणून हे काम फार हळू करावं लागतं. अशी ५८ हेक्टर जमीन तयार झाली, खर्च सुमारे ४,८५० कोटी येन. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ पासून उपसागराच्या तोंडाशी जाळं होतं, ते १९९७ मध्ये निघालं. आत पकडलेले दूषित मासे ड्रममध्ये भरून त्याच भरावात पुरले. ज्यावर गावाचं पोट चालायचं, तेच घातक कचरा ठरलं.

आज त्या भरावावर बाग आहे. खाली पारा तसाच आहे, कारण तो मूलद्रव्य आहे, कुजून संपत नाही. स्टीलला मात्र गंज लागतो, आणि जपान भूकंपांचा देश. त्यामुळे भिंतीची तपासणी थांबवता येत नाही.

मग काढायचा की राहू द्यायचा? पाणी खोल आणि शांत असेल, वर दरवर्षी स्वच्छ गाळ बसत असेल, तर मी हात लावू नका म्हणेन. उथळ बंदरात जहाजांचे पंखे तळ ढवळत असतील तर काढावाच लागतो. निर्णयाआधी तळाचा एकच सरासरी आकडा स्वीकारू नका. नळीने उभा नमुना काढून थराथरातलं प्रमाण मागा. सर्वांत वरच्या थरात विष जास्त निघालं, तर कुठून तरी ते अजून येतंय किंवा तळ ढवळला जातोय. येत असेल तर आधी ते तोंड शोधून बंद करा, गाळाचं नंतर बघू.