अठरा हजारांचं शिबिर आणि सोमवारची निळी गोळी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून दुपारच्या एसटीनं आलेलं कुटुंब सल्ला विचारायला माझ्यासमोर बसलं होतं. वडिलांनी डोक्याचा दुपट्टा सोडून घाम पुसला, खिशातून चार घड्या घातलेलं रंगीत पत्रक काढलं आणि टेबलावर हातानं सपाट केलं.

"मॅडम, पंचेचाळीस दिवसाचं शिबिर हाय. राहणं-खाणं धरून अठरा हजार म्हणतेत. पोरीले टाकू का नको, तेवढं सांगा. जास्त वेळ नाई घेत तुमचा."

पोरगी दोघांच्या मधोमध बसली होती. तेरा वर्षांची, आठवीतली. सहाशे मीटर धावते. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात चौथी. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलींना सहाशेच्या पुढची शर्यत नसते. पुढं मात्र ती सतरा वर्षांखालच्या गटात जाणार होती. तिथं आठशे मीटर, आणि शेजारच्या पट्ट्यात अकरावीतल्या पोरी. वडिलांनी हे सगळं पाठ केलेलं होतं. "उन्हाळा असाच गेला त मागं पडन ना जी ते. बाकीच्या पोट्ट्या काई घरी बसून नाई राहिल्या."

दर उन्हाळ्यात हा प्रश्न घेऊन चार-पाच घरं तरी येतात. खेळ बदलतो, कधी कबड्डी, कधी तिरंदाजी, पण 'मागं पडन' हे दोन शब्द ठरलेले. पाठवलं नाही तर पोर मागे पडेल, पाठवलं आणि काही बरंवाईट झालं तर? या दोन भीतींच्या मधे ते पत्रक असतं, आणि त्यावर फेटे बांधलेल्या, पदकं घातलेल्या पोरांचे फोटो.

त्या दिवशी माझीही चूक झाली, ती आधी सांगते. मी पत्रकातच शिरले. शिबिर कसं तपासायचं हे मला येतं, म्हणून मी तेच करत बसले. मधे बसलेल्या पोरीला मी पहिला अर्धा तास एकही प्रश्न विचारला नाही.

पत्रक मात्र वाचण्यासारखं होतं. समोर 'अॅथलेटिक्स उन्हाळी शिबिर', आणि मागच्या बाजूला खाकी वर्दीतल्या तरुणांची रांग. म्हणजे ही मुळात पोलीस भरतीची अकॅडमी. आपल्याकडे कोणत्याही गावाच्या डांबरी रस्त्यावर पहाटे साडेचारला गेलात तर पोरं धावताना दिसतात. भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. या अकॅडम्यांमुळे कितीतरी घरांत पहिला पगार आला आहे, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण भरतीची मैदानावरची तयारी एकोणीस-वीस वर्षांच्या तयार हाडांसाठी असते आणि ती एका दिवसाच्या मैदानी चाचणीवर संपते. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून त्याच रांगेत तेरा वर्षांची पोरं उभी केली जातात. बोर्डावर नाव बदलतं, वेळापत्रक तेच राहतं.

वेळापत्रक होतं सकाळी पाच ते आठ आणि दुपारी चार ते साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस. क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम आहे: मुलाचं जेवढं वय, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तीचा सराव नको. तेरा वर्षांच्या पोरीला तेरा तास. इथं तेहेतीस होत होते.

मी वडिलांसमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. प्रशिक्षक कुठं शिकलेत? "एनआयएस आहेत, पटियाला." एनआयएस म्हणजे पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, तिथं दोन गोष्टी मिळतात, वर्षभराचा डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र. यांच्याकडे कोणतं? "सर आले की विचारून सांगतो." रात्री मुलींच्या खोल्यांवर कोण असतं? "सरांच्या मिसेस असतात. म्हणजे, जवळच राहतात." आईबापाशी रोज फोनवर बोलता येईल? "रविवारी." मुलगी आजारी असली तर सुट्टी? यावर पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, सुट्ट्या घेऊन कोणी चॅम्पियन झालं का आजवर?" शेवटी त्यानं आपणहून एक सवलत सांगितली: शाळेचा दाखला काढून त्यांच्या ओळखीच्या शाळेत टाकला तर फी चार हजारांनी कमी.

मला वाटलं, आता वडिलांना वेगळं सांगायची गरज नाही. ते उलटेच खूश झाले. "कडक हाय. असंच पाह्यजे."

मी विचारलं, "भाऊ, मे महिन्यात वखर किती वाजेपर्यंत चालवता?"

"दहा. मंग सोडतो. बैल बसते ना उन्हात."

"परत कधी जुंपता?"

"पाच-साडेपाच. सावली लांबली का." एवढं बोलून त्यांचं लक्ष पत्रकातल्या 'दुपारी चार' वर गेलं. मी काही बोलले नाही. मे महिन्यात यवतमाळला पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असतो आणि चारच्या सुमाराला तो फारसा उतरलेला नसतो. अंगाला अशा उन्हातल्या मेहनतीची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेही हळूहळू वाढवत नेलं तर. पहिल्याच दिवशी अडीच तास पळवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, किंवा त्याला त्याचं काही वाटत नसेल. मला तरी दोन्ही सारखंच.

तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलल्या, नवऱ्याकडे न पाहता. "ते अठरा हजार बियाण्याचे हायेत." खोलीत कोणी काही बोललं नाही. मग मी दोघांना खालच्या टपरीवर चहाला पाठवलं.

पोरगी एकटी उरली तरी बोलेना. धावण्याबद्दल विचारलं की "हो", "नाई" एवढंच. मग मी शिबिराचा विषय सोडला आणि म्हटलं, चल, पंचेचाळीस दिवसांची पिशवी भरू. काय काय घेशील? बूट, दोन ट्रॅकपँट, टॉवेल, तेल, कंगवा. ती थांबली. "मॅडम, तिथं न्हाणी कशी असन? दार लागत असन का?" तिची पाळी सुरू होऊन पाच महिने झाले होते. कापड धुवायचं कुठं, वाळवायचं कुठं, त्या दिवशी धावायला नाही म्हटलं तर कोणाला सांगायचं, हे सगळं तिच्या डोक्यात पत्रक घरात आल्यापासून फिरत होतं. पत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती आणि घरात हा विषय निघाला नव्हता. मीही फोनवर हे विचारलं नव्हतं.

एकदा हे बाहेर आल्यावर बाकीचं आपोआप आलं. तिनं उजव्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. जिना उतरताना, उडी मारताना दुखतं. दिवाळीपासून. आणि शर्यतीत शेवटच्या दीडशे मीटरला "डोयापुढं अंधारी येते." हे घरी का नाही सांगितलं? "सांगतलं त बाबा धावू नाई देनार."

म्हणजे बाप शिबिराचे पैसे जमवत होता पोरगी मागे पडू नये म्हणून, आणि पोरगी दुखणं लपवत होती धावणं सुटू नये म्हणून.

त्यांना मी आधी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, शिबिराचा निर्णय नंतर. हिमोग्लोबिन निघालं 9.2. या वयात ते 12 च्या वर हवं. गुडघ्याचं डॉक्टरांनी सांगितलं की वाढीच्या वयात मांडीचा मोठा स्नायू नडगीच्या वरच्या टोकाला, जिथं हाड अजून कोवळं असतं, तिथं ओढत राहतो आणि पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पोरांना तिथंच दुखतं. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं थांबतं. तोवर उड्या आणि कडक रस्त्यावरचं पळणं कमी, बर्फाचा शेक, आणि दुखलं की थांबायचं. पाच महिने लपवायचं नाही.

रक्ताची गोष्ट जास्त मजेशीर, म्हणजे रडावं की हसावं अशी. शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, यांच्या शाळेत ती सोमवारी. या पोरी तोंडात धरून मागच्या कुंपणापलीकडे थुंकायच्या. कारण? पोटात मळमळतं आणि संडास काळी होते, त्याची भीती. काळी होणं नेहमीचंच, हे कोणी सांगितलंच नव्हतं. जेवणानंतर घ्यायची, सोबत लिंबू, आणि त्या तासाभरात चहा नको, एवढ्यानं बराच फरक पडतो. अर्थात 9.2 ला आठवड्याची एक गोळी पुरत नाही, तिला डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या भेटीत वडील ओशाळलेले होते आणि म्हणूनच जरा चिडलेले. "मंग काय, उन्हाळाभर घरी बसवू?" हा प्रश्न रास्त होता. बसवायचं नव्हतंच. पण आता शिबिर निवडणं सोपं झालं होतं, कारण तिला या उन्हाळ्यात काय शिकायचं ते कळलं होतं. ताकद गोळ्या आणि जेवण देणार होतं. शिकायचा होता तो वेग वाटून धावणं. शाळेचे पी.टी.चे सर म्हणाले, पोरगी शिट्टी वाजली की सुटते आणि चारशेला संपते. आठशेत हे चालत नाही.

यवतमाळला स्टेडियमवर बारा दिवसांचं सकाळचं शिबिर होतं, सहा ते आठ, फी नावाला. मावशी तिथंच राहते, म्हणजे न्हाणीचा प्रश्न मिटला. मी आईंना म्हटलं, पहिल्या दिवशी तुम्ही जा, भाऊ नकोत. मैदानावर बाई प्रशिक्षक आहे का पाहा, पोरींसाठी संडास उघडा असतो की कुलूप असतं ते पाहा, आणि पाणी प्यायला पोरांना परवानगी मागावी लागते का तेही. गुडघ्याचं आणि रक्ताचं प्रशिक्षकांना स्वतः सांगा. ऐकून ते काय करतात, त्यावर बाकीचे अकरा दिवस ठरवा. (बाई होत्या. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि उड्यांच्या वेळी तिला घड्याळ धरायला बसवलं. आई मला फोनवर हे तीनदा सांगत होत्या.)

निवासीच हवं असेल तर शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथं चाचण्या घेऊन निवड होते, राहणं, जेवण आणि प्रशिक्षण शासन बघतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करायची. पुढच्या वर्षी रक्त आणि गुडघा जागेवर असले तर जरूर प्रयत्न करा, मी म्हटलं. वडिलांचा चेहरा सांगत होता की पुढचं वर्ष म्हणजे फार लांब. मी त्यांना अविनाश साबळेचं सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा पोरगा, सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर शर्यतीकडे वळला, आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य घेऊन आला. त्यांनी नाव ऐकलं होतं, वय ऐकलं नव्हतं. "विशीत?" ते म्हणाले. मग काही वेळानं, "तेरा म्हणजे मंग लहानच हाय." साबळेसारखा एखादाच, हे मला माहीत आहे. पण त्या क्षणी मला शंभरातल्या नव्व्याण्णवांचं गणित मांडायचं नव्हतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर वडील बँकेच्या कामाला यवतमाळला आले होते, तेव्हा वर डोकावून गेले. बियाणं घेऊन झालं होतं. रक्ताची दुसरी तपासणी अजून व्हायची होती. गुडघा कधी बरा, कधी नाही. झेडपी शाळेच्या मैदानावर सकाळी तीन पोरी धावतात आणि मोबाइलवर वेळ धरायला हे उभे राहतात.

"शिबिरात काय शिकली?" मी विचारलं.

"काय शिकली? पयल्या चकरात मुद्दाम मागं राह्यते जी ते. दोन्ही पोट्ट्या पुढं निंघून जातेत, हे आपली निवांत. म्हणते, बाईनं असंच सांगतलं."

"मग?"

"मग काय. मले पाह्यवत नाई. मी तिकडं तोंड करून उभा राह्यतो, आन् दुसरी चक्कर आली का पोरगीच आवाज देते, बाबा, आता पाहा."