पहिलटकरणीचा हिशोब वेगळा असतो

तुमचा प्रश्न एवढाच आहे: बाळंतपण घरी करून वाचलेली रक्कम बाळाच्या नावाने कोणत्या विमा योजनेत टाकू? पत्नीला सातवा महिना आहे, पहिलीच वेळ, तब्येत उत्तम, प्रशिक्षित सुईण ठरलेली. तिचा खर्च रुग्णालयाच्या ४० टक्के, म्हणून शंभरातले साठ वाचले असं तुम्ही धरलंय. आणि जाता जाता लिहिलंय की जवळात जवळचं रुग्णालय पाऊण तासावर आहे.

योजनेचं नंतर बघू. ते साठ अजून वाचलेले नाहीत.

‘घरचं बाळंतपण तितकंच सुरक्षित असल्याचं सिद्ध झालंय’ असं तुम्ही म्हणता. इंग्लंडमधला २०११ चा मोठा अभ्यास घ्या, कमी जोखमीच्या सुमारे ६४,५०० जणींचा. आधी बाळंत झालेल्या बायकांच्या बाबतीत घर आणि रुग्णालय यांत ठळक फरक दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत दिसला. बाळाचा मृत्यू किंवा ठरावीक गंभीर इजा, सगळं मिळून रुग्णालयात हजारी ५, घरी हजारी ९. तुम्ही आधी बाळंत झालेल्यांचा निकाल स्वतःला लावून घेतलात. फंडाची सरासरी पाहून पैसे टाकणारे नेमकं हेच करतात.

हजारी चार म्हणजे किरकोळ, असं वाटेल. तिशीतला निरोगी माणूस वर्षभरात दगावण्याची शक्यता याहूनही कमी असते, तरी त्याने विमा घ्यावा असंच मी सांगतो.

आता पैसे. त्याच अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. बहुतेकींना जिवावर बेतलं म्हणून नाही; सगळ्यात जास्त आढळलेलं कारण बाळंतपण पुढे सरकेना, हे होतं. पण बिल येतंच. सुईणीचे ४० द्यायचेच, वर शंभराचे ४५ टक्के: सरासरी झाले ८५. रुग्णालयाचं बिल दीडपट झालं तर १०७.५. म्हणजे बचत फार तर पंधराची, नाहीतर उलट खड्डा. शिवाय सरासरी कुणी भरत नाही. एक तर ४० जातील, नाहीतर १४० ते १९०, आणि तेही एका रात्रीत.

त्या रात्री पैसे योजनेत अडकलेले असतील. पत्रात आणीबाणीच्या निधीचा उल्लेखच नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपलं.

पत्नीला नको असलेलं सिझेरियन टाळायचंय. ते कारण खरं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१२-१३ मध्ये रुग्णालयाबाहेर बाळंत व्हायचं ठरवलेल्यांत सिझेरियन ५ टक्के, रुग्णालयात २५ टक्के. पण तिथेच बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी ३.९ विरुद्ध १.८. घर निवडणाऱ्या बायका मुळातच जास्त निरोगी असतात, त्यामुळे ही तुलनाही पुरती सरळ नाही. ही अडचण टाळायला चिठ्ठ्या टाकून गट पाडायचा प्रयत्न झाला होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ११ जणी होत्या. त्यावरून काही ठरत नाही. सुईण आरोग्य व्यवस्थेचाच भाग असते आणि हलवायची सोय आधीच लावलेली असते, तिथले निकाल चांगले आहेत. तुमचा पाऊण तास त्यात बसत नाही.

घर की रुग्णालय हे पत्नी आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावं. तुमच्या बचतीला त्यात मत देऊ नका.

राहिली योजना. एजंट म्हणतो, १५ वर्षांत हमखास दुप्पट. ७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की वर्षाचा दर साधारण कळतो: ७२ भागिले १५, म्हणजे वर्षाला पाच टक्केही नाहीत, आणि मध्येच मोडली तर मुद्दलाला कात्री. त्यातून विमा बाळाचा! कमावता कोण आहे? घेऊ नका. रुग्णालयाच्या बिलाच्या दुप्पट रक्कम मागताक्षणी हातात येईल अशा खात्यात ठेवा, स्वतःचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा) काढा, आणि आरोग्य विम्यात बाळंतपणासाठी किती प्रतीक्षा आहे व बाळाला संरक्षण कितव्या दिवसापासून मिळतं, हे कंपनीकडून या आठवड्यात लेखी घ्या.