स्पार्क प्लगवर लाल थर आलाय? आधी बूस्टर बंद कर

अरे घाबरू नको, इंजिन गेलेलं नाहीये. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर जो विटकरी थर दिसतोय ना तो बहुतेक त्या ऑक्टेन बूस्टरचा (पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढवायला टाकीत ओततात ते मिश्रण), काहींत लोखंड नाहीतर मँगनीजची संयुगं असतात, जळल्यावर त्यांची राख तिथेच बसते आणि थर जाड झाला की स्पार्क नीट पडत नाही, गाडी मिसफायर मारते. मॅन्युअलमध्ये साधं पेट्रोल लिहिलंय ना, मग बूस्टर कशाला?

सुरुवातीला एवढंच बघ:
- प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढ, नाहीतर ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात
- फिकट तपकिरी, करडा म्हणजे मस्त. काळी कोरडी काजळी असेल तर दादर-अंधेरी ट्रॅफिकमधलं रोजचं रांगणंही कारण असू शकतं, एकदा एक्स्प्रेसवेला मोकळी पळव मग परत बघ. तेलकट ओला दिसला तर सरळ मेकॅनिककडे
- पेट्रोलमध्ये क्लीनर टाकायचाच तर पीईएवाला (पॉलिइथरअमाइन, साचलेला कार्बन काढणारं रसायन), बाटलीवरच्या मापात, डबल डोस नको. झिजलेला प्लग त्याने सुधारत नाही, तो बदलायचाच